फुकट उपचार नव्हे: दोन स्टडीत गेलेल्या मायलेकींचा रिव्ह्यू

लेक आणि मी, दोघी अँग्झायटीवरच्या (म्हणजे जगणं अडवणाऱ्या भीती-काळजीवरच्या) दोन वेगवेगळ्या संशोधनांत, म्हणजे क्लिनिकल ट्रायलमध्ये, भाग घेऊन आलो. पैशाचं आधी सांगून टाकते, कारण मला फोन करणारे निम्मे लोक तिथूनच सुरुवात करतात. दोन्हीकडे कोणी बिल लावलं नाही, पहिल्या ठिकाणी तर इन्शुरन्सचं कार्डसुद्धा मागितलं नाही. उलट लेकीला दर भेटीला गिफ्ट कार्डावर थोडे पैसे मिळाले, मला प्रीपेड कार्डावर. पार्किंगचे मात्र गेले. ते रडगाणं पुढे गातेच.

ठिकाणांची नावं लिहिणार नाही. एक बॉस्टनमधल्या एका विद्यापीठाचं मुलांच्या अँग्झायटीवर काम करणारं केंद्र, आणि दुसरं हायवेलगतच्या ऑफिस पार्कातलं, औषध कंपन्यांच्या ट्रायल चालवून देणारं खाजगी क्लिनिक. पहिल्याचं नाव नको ही लेकीची अट आहे; या अटीवरच तिने हे लिहायला परवानगी दिली. दुसऱ्याचं नाव मी आपण होऊन टाळतेय. तिथली ट्रायल अजून संपलेली नाही आणि माझ्या तक्रारीही बऱ्याच आहेत.

माझं माहेर कराडचं. बाबांचं मेडिकलचं दुकान होतं, त्यामुळे लहानपण औषधांच्या खोक्यांत गेलं. आता मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्टबरोला राहते आणि एका फार्मसीत टेक्निशियन आहे. दिवसभर ट्रेवर गोळ्या पाच-पाचने सरकवत मोजते. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, बस्पिरोन ही नावं दिवसातून कितीदा हाताखालून जातात याची गणती नाही. त्यामुळे अँग्झायटीतलं आपल्याला बरंच कळतं असा माझा समज होता. कळत होतं ते बाटलीवरचं लेबल.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये लेकीच्या वार्षिक तपासणीला गेलो. ती तेव्हा नऊची. नर्सने क्लिपबोर्डवर एक कागद दिला, ४१ वाक्यांचा. प्रत्येकापुढे शून्य, एक किंवा दोन लिहायचं. तसाच एक मला, लेकीबद्दल आईने भरायचा. आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इथल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने ८ ते १८ वयाच्या मुलांची अँग्झायटीसाठी सरसकट चाचपणी करावी अशी शिफारस केली होती, म्हणून हा कागद. मी उभ्या उभ्या भरला. माझ्या कागदावर बेरीज २२. लेकीच्या कागदावर ४१. पंचवीस किंवा वर आलं तर पुढे बघायला हवं असं मानतात.

एकाच घरातल्या, एकाच खोलीत झोपणाऱ्या दोघींच्या बेरजेत एवढा फरक. गाडीत बसल्यावर तिने सांगितलं, की शाळेत बाथरूमला जाऊ का हे विचारताच येत नाही, म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही. तिची बाटली रोज भरलेली परत यायची. दोन वर्षं मी त्या बाटलीवरून तिला ओरडत होते.

थेरपिस्ट शोधायला लागले. कुठे सहा महिन्यांची यादी, कुठे आठ, एकीकडे तर 'यादीच बंद आहे.' तेव्हा क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदणी आठवली. हे संकेतस्थळ २००० पासून आहे, कोणीही उघडून बघावं. आजाराचं नाव, वय, आणि 'भरती चालू' एवढं निवडलं की जवळचे अभ्यास दिसतात. वाचायला रूक्ष आहे, पण दोन ओळी नीट वाचायच्या: कोणाला घेतात, आणि तुलना कशाशी आहे. दुसऱ्या ओळीत 'प्रतीक्षा यादी' असं असेल, तर निम्म्या मुलांना आधी काही आठवडे नुसतं थांबायचंय. आम्हाला सापडलेल्या अभ्यासात सगळ्याच मुलांना बारा आठवड्यांची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक या दोन्हींवर काम करणारी थेरपी, मिळणार होती. जोडीला कॉम्प्युटरवरचा एक खेळ, तो निम्म्यांना खरा आणि निम्म्यांना नकली.

फोनवर चाळीस मिनिटं प्रश्नोत्तरं झाली. मग नोव्हेंबरमध्ये पहिली भेट.

ही भेट साडेतीन तासांची होती आणि अख्ख्या अनुभवातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग हाच. आधी कन्सेंट, म्हणजे संमतीपत्र. चौदा पानं. को-ऑर्डिनेटर पंचविशीतली मुलगी होती. तिने वाचून दाखवलं, समजावलं, आणि मग म्हणाली, आता हे काय आहे ते तुमच्या शब्दांत सांगा. मी म्हटलं, मुलीला फुकट थेरपी मिळणार आहे आणि बदल्यात तुम्ही तिची माहिती घेणार आहात. तिने पेन खाली ठेवलं. नाही, म्हणाली, हे उलटं आहे. हे संशोधन आहे. आम्हाला एका प्रश्नाचं उत्तर हवंय म्हणून आम्ही हे करतोय. तुमच्या मुलीला बरं वाटलं तर आनंद आहे, पण तिला काय मिळेल ते डॉक्टर ठरवत नाही, कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो. आणि मला पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्या खेपेला मी पास झाले.

मला थोडा रागच आला होता. आता येत नाही. काउंटरवर रोज शंभर लोकांना 'काही प्रश्न आहेत का?' असं मीही विचारते. शंभरातले नव्वद मान हलवून निघून जातात आणि मी पुढच्या नंबरला हाक मारते.

मग लेकीचा फॉर्म. दोनच पानं, मोठी अक्षरं. त्यात मेंदूचा स्कॅन होता, ऐच्छिक. को-ऑर्डिनेटरने तिला नळीचं चित्र दाखवलं, ठकठक आवाज ऐकवला, आणि विचारलं, करायचा का? लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी सवयीने बोलायला लागले, "हो, ती करेल, तिला तसं..." को-ऑर्डिनेटर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तिला विचारतेय."

लेक पाण्याच्या बाटलीवरचं स्टिकर नखाने खरवडत बसली. कोणी काही बोलेना. स्टिकरवरच्या मांजराचा एक कान निघाला. मग ती माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "नको." को-ऑर्डिनेटरला मराठी कुठलं कळायला, पण सूर कळला असावा. तरी तिने लेकीला म्हटलं, मला सांगशील? आणि लेकीने, आवाज जेमतेम फुटला असेल, पण 'नो' म्हटलं. समोरच्या बाईने चौकटीत खूण केली, सांगितलंस ते बरं झालं म्हणाली, आणि पान उलटलं. मनधरणी नाही, गिफ्ट कार्डाची आठवण नाही, मला बाजूला घेऊन कुजबुज नाही.

नऊ वर्षांत या मुलीने परक्या माणसाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पूर्ण पाच तारे मी इथेच देऊन टाकले. पुढचं सगळं बोनस.

त्यानंतर लेकीची आणि माझी वेगवेगळ्या खोल्यांत मुलाखत. प्रत्येक भीतीला शून्य ते आठ असे गुण, मुलांना त्यासाठी थर्मामीटरचं चित्र. तज्ज्ञाने दोन्ही बाजू ऐकून आपला आकडा काढायचा. चार किंवा जास्त आला की ती नुसती लाजरीबुजरी राहत नाही, निदान होतं. लेकीला सहा. सोशल अँग्झायटी, म्हणजे चारचौघांत बोलण्या-वागण्याची भीती. मराठीत आम्ही तिला 'घुमी' म्हणत होतो.

थेरपीबद्दल. गोळ्या मोजणारीने सांगावं की मला इथे औषध नको होतं, याची थोडी लाज वाटते. पण दर वेळी पिशवीला जे छापील पत्रक स्टेपल करते, त्यातली २००४ सालची चौकटीतली सूचना मला पाठ आहे: लहान आणि किशोरवयीन मुलांत या औषधांच्या सुरुवातीच्या काळात आत्महत्येच्या विचारांवर लक्ष ठेवा. ते पत्रक वाचून लोक घाबरतात, पण औषध वाईट आहे असा त्याचा अर्थ नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास मी त्या आठवड्यात पुन्हा वाचला. ७ ते १७ वयाची ४८८ मुलं, चार गट, बारा आठवडे. थेरपी आणि सर्ट्रालिन दोन्ही मिळालेल्यांपैकी ८१ टक्के बऱ्यापैकी सुधारली, नुसत्या थेरपीने ६०, नुसत्या गोळीने ५५, आणि नकली गोळीने २४. म्हणजे दोन्ही एकत्र हेच सरस, आणि नुसत्या थेरपीने दहातली चार मुलं तिथेच राहतात. हे माहीत असूनही मी नुसत्या थेरपीच्या अभ्यासात घातलं. आईचं गणित वेगळं असतं. आणि तसं बघितलं तर सर्ट्रालिनला मुलांसाठी इथे मान्यता आहे ती ओसीडीपुरती, म्हणजे तेच तेच विचार आणि त्याच त्याच कृती करायला लावणाऱ्या आजारापुरती. अँग्झायटीला डॉक्टर आपल्या अनुभवाने देतात. सात आणि त्यापुढच्या वयाच्या मुलांच्या जनरलाइज्ड अँग्झायटीसाठी, म्हणजे कशाचीही सतत वाटणाऱ्या काळजीसाठी, ड्युलॉक्सेटिन २०१४ मध्ये मंजूर झालं, एस्सिटालोप्राम थेट २०२३ मध्ये.

थेरपीत सोफा, टिश्यूचा डबा, 'तुला कसं वाटतंय' वगैरे फारसं नव्हतंच. तिसऱ्या आठवड्यापासून ही मंडळी तिला घेऊन इमारतीबाहेर पडायला लागली. 'धाडसाची शिडी' म्हणून एक तक्ता. तळाच्या पायरीवर ग्रंथपालाला पुस्तक कुठे आहे हे विचारणं. मधे डंकिन या डोनटच्या दुकानात स्वतः ऑर्डर देणं, मग मुद्दाम चुकीची ऑर्डर देऊन बदलून घेणं, रांगेत सुटे पैसे सांडणं. सगळ्यात वर: वर्गात हात वर करून जाणूनबुजून चुकीचं उत्तर देणं. प्रत्येक वेळी वहीत दोन रकाने, 'आधी काय वाटलं' आणि 'खरं काय झालं'. वही माझ्यापुढे आहे म्हणून एक नोंद उतरवते. आधी: सगळे हसतील आणि मला रडू येईल. नंतर: त्या बाईने विचारलं ग्लेझ्ड की चॉकलेट.

भीती समजावून जात नाही, हे त्यांनी मला समजावलं. मी आजवर 'घाबरायचं काय त्यात' हेच म्हणत आले होते. मुलाला अपेक्षा असते वाघाची आणि समोर येते डोनटवाली बाई, असं पुष्कळदा घडावं लागतं. तेही आई शेजारी नसताना.

खरा धडा माझा होता. पाचव्या आठवड्यात थेरपिस्टने मला गृहपाठ दिला: मुलीच्या वतीने तुम्ही दिवसातून किती वेळा बोलता ते मोजा. मोजण्यात माझा हात कोण धरणार! एका शनिवारी सतरा. दुकानात, शेजाऱ्यांशी, आजीच्या व्हिडिओ कॉलवर, अगदी तिच्या मैत्रिणीच्या आईशी. ही सवय इतक्या घरांत सापडते की येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी फक्त आईबापांवर काम करणारी एक पद्धत उभी केली आहे. त्यात मुलाला थेरपिस्टकडे यावंही लागत नाही. १२४ मुलांच्या घरांवर केलेल्या तुलनेत ती मुलाच्या सीबीटीपेक्षा कमी पडली नाही. थेरपिस्टने त्यातली एकच गोष्ट आम्हाला उसनी दिली: दहा सेकंद गप्प बसायचं.

हळदीकुंकवाला एका काकूंनी विचारलं, "काय गं, कितवीत आहेस?" एक, दोन, तीन. माझ्या तोंडात उत्तर तयार. चार, पाच. काकू माझ्याकडे बघतायत, मी तिळगुळाच्या वाटीकडे. सहा. "लाजते वाटतं," काकू म्हणाल्या. सात, आठ. "चौथीत," लेक म्हणाली, आणि वर, "पण मला फ्रॅक्शन्स आवडत नाहीत." काकूंना काहीच विशेष वाटलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आता तक्रारी. तो कॉम्प्युटरवरचा खेळ. पडद्यावर क्षणभर दोन चेहरे येतात, एक रागीट, एक साधा. मग एकाच्या जागी ठिपका उमटतो, त्यावर बटण दाबायचं. अँग्झायटी असलेल्यांची नजर धोक्याकडे आधी जाते, म्हणून खऱ्या खेळात ठिपका नेहमी साध्या चेहऱ्यामागे ठेवून नजरेला वळण लावू पाहतात. नकलीत तो कुठेही येतो. कल्पना छान. पण दोनशे वेळा तेच. लेक चौथ्या वेळी बटणावर कोपर ठेवून बसली. या प्रकाराचे निकाल आजवर अभ्यासागणिक वेगवेगळे आलेत, आणि का ते मला त्या कोपराकडे बघून कळलं.

दुसरी तक्रार, फॉर्म. एकाच आठवड्यात तोच प्रश्न तीन कागदांवर. झोप, शाळा, पोट, रागाचे झटके, नवराबायकोचं पटतं का. हा शेवटचा मी नवऱ्याला भरायला दिला. त्याने सगळीकडे 'कधीकधी' लिहून परत केला.

तिसरी, पार्किंग. पहिल्या दिवशी गॅरेजचे ३८ डॉलर, त्यातले निम्मे केंद्राने दिले. चौथ्या खेपेपासून आम्ही वूस्टर लाइनच्या लोकल गाडीने बॉस्टनच्या बॅक बे स्टेशनला उतरून जायला लागलो. ११ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोठ्यांसोबत तिकीट लागत नाही, हे तिथल्या माहितीपत्रकात असायला हवं होतं. शिवाय गाडीतली पन्नास मिनिटं लेक बडबड करते, जे घरी करत नाही.

बारा आठवड्यांनी लेकीचा कागद ४१ वरून २३ वर. तारे तोडून आणले असं म्हणणार नाही. फोनवर ती अजूनही बोलत नाही, वाढदिवसाला केक कापताना अजूनही टेबलाखाली जावंसं वाटतं. पण बाटली अर्धी रिकामी येते.

लेकीच्या अभ्यासात आईवडिलांनाही स्वतःबद्दल फॉर्म भरावे लागत. सात प्रश्नांचा एक छोटा कागद, कमाल गुण २१, दहापासून पुढे लक्ष द्यावं. पहिल्यांदा भरला तेव्हा माझे सहा आले. मग थेरपिस्टशी बोलताना एक गंमत कळली. कागदावर 'वरी' असं येतं, आणि माझ्या डोक्यात त्याचं होतं 'काळजी'. आता काळजी ही आपल्याकडे आजार कुठे आहे? काळजी घेतात, काळजी वाहतात, आई दर फोनच्या शेवटी 'काळजी घे गं' म्हणते. फार काळजी करते असं म्हणणं म्हणजे मी चांगली आई आहे असं म्हणणं. थेरपिस्ट म्हणाली, मग तो शब्द सोडून दे. रात्री दोन वाजता जागी होऊन गॅस बंद केला का बघायला किती वेळा उठतेस? फार्मसीतून घरी आल्यावर, दुपारी मोजलेल्या गोळ्या चुकल्या असतील म्हणून पोटात किती वेळा गोळा येतो? पुन्हा भरला. चौदा.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तुझ्या बाबांना दुकानात गर्दी झाली की मागे जाऊन बसावं लागायचं. आम्ही पित्त म्हणायचो."

तर हे असं घराण्यातलं. २०२४ च्या वसंतात मी मोठ्यांच्या अँग्झायटीवरच्या औषधाच्या ट्रायलमध्ये गेले. नवरा म्हणत होता ध्यान कर. त्याच्या बाजूनेही पुरावा होता: २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासात २७६ प्रौढांपैकी निम्म्यांना आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा वर्ग आणि निम्म्यांना एस्सिटालोप्राम दिलं, आणि वर्ग गोळीपेक्षा कमी ठरला नाही. पण तो वर्ग म्हणजे आठवड्याला अडीच तास आणि घरी रोज पाऊण तास. माझ्याकडे पाऊण तास असता तर काळजी कशाला केली असती. मी कॅप्सूल निवडली.

हे ठिकाण, म्हणजे ते ऑफिस पार्कातलं क्लिनिक, त्या विद्यापीठासारखं नाही. प्रतीक्षाकक्षात कॉफीचं यंत्र, मोठा टीव्ही, आणि मधुमेह, सोरायसिस, मायग्रेन सगळ्यांच्या ट्रायलची माणसं एकत्र. रक्त, लघवी, ईसीजी हे सगळं भराभर आणि नीटनेटकं. मग घेत असलेल्या औषधांची यादी. मी आईने पाठवलेलं अश्वगंधा चूर्ण सांगितलं आणि गाडी अडली. ते बंद करून मला काही आठवडे थांबावं लागलं, मग पुन्हा सगळ्या तपासण्या. लपवलं असतं तर चाललं असतं, पण ट्रायलमध्ये खोटं बोलणं म्हणजे माझ्यामागून ते औषध घेणाऱ्या प्रत्येकाशी खोटं बोलणं. अश्वगंधेचा डबा कपाटात वर ठेवला.

कॅप्सूल गडद रंगाची, अपारदर्शक. आमच्या धंद्यात ठाऊक आहे, आत खरी गोळी दडवलेली असते किंवा नुसतं सेल्युलोज, म्हणजे औषध नसलेली पूड. कानाशी हलवून पाहिली. आवाज नाही. पोकळी भरून टाकतात, माझ्यासारख्या आगाऊंसाठीच. मग मी लक्षणं ताडायला लागले: या गटातल्या औषधांनी पहिल्या आठवड्यात पोट बिघडतं, झोप उडते. माझं काहीच नाही. नकली, मी ठरवून टाकलं. तिसऱ्या आठवड्यात तोंड कोरडं पडायला लागलं. खरी. मग लक्षात आलं, घरात हीटर चालू होता.

दर भेटीला उरलेल्या कॅप्सूल बाटलीसकट परत द्यायच्या, त्या मोजतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोळ्या मोजलेल्या बाईच्या गोळ्या कोणीतरी दुसरीच मोजतेय, तीही दोन-दोनने. दोन जास्त निघाल्या. विसरले होते. काउंटरवर 'रोज घेताय ना?' असं विचारताना मी ज्या नजरेने बघते, ती नजर मला तिथे मिळाली.

मुलाखत घ्यायला खोलीत माणूस नसे. स्क्रीनवर कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातली रेटर, म्हणजे उत्तरांना गुण देणारी, बाई, चौदा मुद्दे, दर वेळी त्याच शब्दांत, त्याच आवाजात. तिला मी कितव्या आठवड्यात आहे हेही सांगायचं नाही. सुरुवातीला हे यांत्रिक वाटलं. पण झोप, धडधड, अंगदुखी, पोट असं एकेक करून कोणीतरी मला पंचवीस मिनिटं विचारतंय आणि मधे फोन बघत नाही, हे माझ्या बाबतीत शेवटचं कधी झालं होतं? आठ आठवड्यांत माझे गुण निम्म्यावर आले. औषध असेल. त्या बाईच्या प्रश्नांचं औषध असेल. त्या मुलांच्या अभ्यासातले नकली गोळीवर सुधारलेले २४ टक्के मला आता परके वाटत नाहीत.

शेवटी डोस उतरवण्याची आठवडाभराची बाटली देतात, सगळ्यांना सारखीच, म्हणजे तिथेही पत्ता लागत नाही. एका दिवशी गाडीत गरगरलं. म्हटलं, सापडलं, औषधच होतं! घरी आल्यावर नवऱ्याने आठवण करून दिली की आज संकष्टी आहे आणि मी सकाळपासून उपाशी आहे.

या क्लिनिकला मी तीन तारे देते. दोन कापले त्याची कारणं ही. चार महिन्यांत तीन को-ऑर्डिनेटर बदलल्या आणि प्रत्येकीला मी अश्वगंधा पहिल्यापासून समजावली. कन्सेंट मला टॅबलेटवर देऊन 'वाचा आणि सही करा' म्हणाले. माझ्या शब्दांत सांगायला कोणी लावलं नाही. आणि ट्रायलमधला माझा भाग संपल्यावर हातात डॉक्टरांची छापील यादी, तीन नावं. एकाचा फोन बंद, एक नवे पेशंट घेत नाही, तिसऱ्याकडे पाच महिने. आठ आठवडे तुमच्या प्रत्येक धडधडीची नोंद ठेवणारी जागा नवव्या आठवड्यात तुम्हाला ओळखत नाही. हे कागदावर लिहिलेलं होतं. विद्यापीठातल्या मुलीने ते मला पेन खाली ठेवून सांगितलं असतं, एवढाच फरक.

भारतातल्या मैत्रिणी विचारतात म्हणून थोडं तिकडचं. आपल्याकडे ट्रायलची नोंदणी २००७ पासून सीटीआरआय या भारताच्या सरकारी संकेतस्थळावर होते आणि १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेसारख्या संस्थांचे अभ्यास तिथे बघायला मिळतात, फुकट. मुलांबाबत आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की आईवडिलांच्या सहीबरोबर सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची संमतीही घ्यावी, बारापर्यंत तोंडी, पुढे लेखी. आणि एका बाबतीत भारत चक्क पुढे आहे. औषधाच्या ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई २०१९ च्या नियमांत आहे. इथे अमेरिकेत तसा सरसकट कायदा नाही. भरपाई देणार की नाही ते फॉर्मवर लिहिलं म्हणजे झालं. माझ्या फॉर्मवर बाराव्या पानावर होतं, की उपचाराचा खर्च आधी माझ्या इन्शुरन्सकडे जाईल. सही करण्याआधी ते पान शोधा. आणि जिथे लेकराला विचारण्याऐवजी तुमच्याकडेच बघून बोलतात, तिथून चहा पिऊन परत या.

मला कुठली कॅप्सूल होती ते ट्रायल पूर्ण झाल्यावर कळवणार आहेत. अजून पत्र नाही. रोज टपाल बघते. आठवड्यातून किती वेळा, हे त्या सात प्रश्नांच्या कागदावर लिहीन.

लेकीची वर्षभरानंतरची भेट येत्या फेब्रुवारीत आहे. स्कॅनचं अधूनमधून नव्याने विचारतात, आणि तिने आतापर्यंत दोनदा नको म्हटलंय, दुसऱ्यांदा माझ्याकडे न बघता. परवा जेवताना तिने विचारलं, स्कॅनचं गिफ्ट कार्ड केवढ्याचं असतं. पन्नास डॉलर, मी म्हटलं. ती भातात वरण कालवत विचार करत होती. मग म्हणाली, "त्यातून पार्किंग कापतात का?"